तीन नंबरची टोपली

१२ फेब्रुवारी २००६, रविवार
गावच्या बागेत मी बसवलेली चार नंबरची टोपली पुन्हा वाकली. पोरं साखळ्यांना लोंबकळतात. आळेफाट्याचा वेल्डर म्हणाला, “शेठ, एकतर पाइप जाड लावा, नायतर पोरं बारीक बघा.” तिसऱ्यांदा जोडून आणली.
बागेत आज एकानं विचारलं, हे काय आहे. सांगितलं. लांबून प्लास्टिकची ताटली फेकायची, ती खांबावरच्या साखळ्यांना आपटून खालच्या टोपलीत पडली पाहिजे, कमी फेकींत सहा टोपल्या करील तो जिंकला. तो म्हणाला, “आन मग?”
मग काही नाही. काय सांगणार.
मी २६, बबन २२. शाळेपासून हरतोय याच्याकडून. गोट्या, कबड्डी, आता हे.

१५ फेब्रु.
जावयानं अमेरिकेहून ताटल्यांबरोबर पुस्तकही पाठवलंय. त्यातल्या चित्राप्रमाणे पाय ठेवतो, मनगट वळवतो, आणि ताटली उजवीकडे कण्हेरीत जाते. ब. बापजन्मात पुस्तक उघडत नाही. द्राक्षबागेत पाखरं हाकायला गोफण फिरवायचा तसा हात फिरवतो अन् सरळ टोपलीत. वर म्हणतो, “कांत्या, तू भांड्याच्या दुकानात ताटली इकतो तशी फेकतो. गिऱ्हाइकाला दाखवल्यावानी.”
डॉक्टरांनी शुगरसाठी फिरायला सांगितलंय म्हणून हे चालू. रक्तदाबाचं काय ते त्यांनी सांगितलेलं नाही.

२२ फेब्रु.
तीन नंबर, नळापासून उंबरापर्यंत. सर्वांत लांब. एका फेकीत अजून कुणाचीच गेली नाही. आज नियम ठरला. एकटं खेळताना गेली तर ताटली टोपलीत तशीच ठेवायची. दुसऱ्यानं डोळ्यांनी पाहीपर्यंत हात लावायचा नाही. ब.चंच म्हणणं: “तू दुकानदार मानूस, तोंडी सांगशील अन् आमी ऐकायचं व्हय?”
लाल ताटली त्याला कायमची दिली. पिवळी माझी. उरलेल्या दोन कण्हेरीसाठी राखीव.

५ मार्च
सहाला निघालो तर ब. ओरडला, “हरत आला की याचा सूर्य बुडतो!” आम्हा जैनांना सूर्यास्ताच्या आत जेवायचं असतं हे त्याला चाळीस वर्षं माहीत आहे. लहानपणी आमच्याकडे राहायला आला की माझ्याबरोबर पाचला जेवायचा, आणि घरी जाऊन पुन्हा आठला. तरी बोलायचंच.
मी २५, ब. २१.

९ एप्रिल
आज बायकांनी बागेत कुरडया घातल्या. दोन नंबरपासून चार नंबरपर्यंत लुगडीच लुगडी. बाग सगळ्यांची आहे, मान्य. पण सगळ्यांचीच आहे, माझी कधी असते? सकाळी योगवाले, दुपारी झोपणारे, संध्याकाळी क्रिकेट, आणि आता कुरडया.
पाच वाजता लुगडं उचलतील म्हणून थांबलो. नाही उचललं. फेकली. कुरडयांत गेली. कडेच्या बाईंनी ताटली पदराखाली घातली. “शेठ, आता ह्या वल्या कुरडया कोन खाईल? तुमी खाल?” घरी एक शेर कुरडया देण्याच्या बोलीवर ताटली सुटली. ब. बाकावर बसून हसत होता. त्याची आई जिजीही हसत होती, एकही दात नसताना.

२१ एप्रिल
नदीवर ग्रा.पं.ची पाटी लागली. निर्माल्य पाण्यात टाकू नये. कुठं टाकावं ते पाटीवर नाही.

२४ एप्रिल
ते आज कळलं. तीन नंबरात झेंडूचे दोन हार आणि बेलाची पानं. कुणाचं काम म्हणून पाहतोय तर उंबराखाली जिजी. “कांती, ही टोपली लई ब्येस केली बघ बाबा. नदीत टाकू देत न्हाईत, कचऱ्यात टाकवत न्हाई. उंबराखाली, खांबावर, पाय बी लागत न्हाई.”
ऐंशीच्या बाईला काय सांगू? जिजीनं मला पाटीपेन्सिलीच्या वयापासून पाहिलंय. हसलो आणि हार उचलून उंबराच्या मुळाशी ठेवले. ब. म्हणाला, ऱ्हाऊ दे रे, चार दिवसांनी इसरंल.

३ मे
विसरली नाही. आता बाकीच्याही टाकतात. खांबाला कुंकू लागलं. एका बाईनं टोपलीला हात लावून तो कपाळाला लावला. मी पिवळी घेऊन नळाजवळ उभा. ती माझ्याकडे अशी बघत होती की मी देवळाच्या कळसावर नेम धरलाय.

१४ मे
लग्नाचा मांडव. पाच आणि सहावर ट्यूबलाइट बांधल्या. पाचात पत्रावळी. खेळ बंद.

२० मे
ब.ला म्हणालो, जिजीला समजाव. तो म्हणाला तू समजाव. मी म्हणालो तुझी आई. तो म्हणाला तुझी टोपली. यावर दोघं खेळलोच नाही, बाकावर बसून वाद घातला, आणि माझी जेवणाची वेळ झाली.

११ जून, रविवार
लिहू नये असं वाटतं, पण लिहितो.
ब. आला नव्हता. नळावरून पिवळी फेकली आणि हातातून सुटतानाच कळलं. कण्हेर नाही, उंबर नाही, सरळ. एका फेकीत तीनच्या साखळ्या वाजल्या. आयुष्यात पहिल्यांदा. धावत गेलो, या वयात. टोपली काठोकाठ भरलेली. ताटली साखळ्यांना लागून त्या ढिगावर पडली आणि घसरून खाली मातीत.
खाली पडली म्हणजे धरत नाही.
मग काय झालं मला माहीत नाही. टोपलीत हात घातला, हार, पानं, सगळं ओंजळीओंजळीनं काढलं आणि शेजारच्या कचऱ्याच्या पिंपात कोंबलं. वरून पिंपाला लाथ. वळलो तर बाकावर जिजी. तिनं काठी घेतली आणि निघून गेली.

१२ जून
ब. सकाळी दुकानात आला. गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर उभा राहून म्हणाला, “काल नानांचं वर्षश्राद्ध व्हतं. फोटोचा जुना हार आईनं त्या टोपलीत ठिवला. माज्या बापाचा हार तू कचऱ्यात घातला, कांत्या. खेळापायी.”
मी म्हणालो मला काय माहीत कुणाचा हार.
हेच म्हणालो. तो गेला.
नाना वारले त्या दिवशी खांदा देणाऱ्यांत मी होतो.

१८ जून
ब. नाही.

२५ जून
नाही. घरासमोरून दोनदा गेलो. गाडी दारात होती.
माझंच चुकलं असेल, पण निम्मं. देवाधर्माचं खेळायच्या टोपलीत टाकायचं आणि मग वर तोंड करून... जाऊ दे.

१० जुलै
चातुर्मास लागला. ताराबाई पुण्याहून चार महिने मुक्कामाला. थोरली बहीण, म्हणून ऐकून घ्यायचं. बागेत पिवळी घेऊन निघालो तर दारातच, “ओल्या गवतावर? पावसाळ्यात? एका पायाखाली किती जीव जातात माहितीय ना?” माहितीय. म्हणजे कार्तिकी पौर्णिमेपर्यंत बंद. उन्हाळ्यात कुरडया आणि मांडव, पावसाळ्यात जीव. या खेळाला वर्षात दिवस उरतात तरी किती?

२३ जुलै
फरसबंद वाटेवरून फिरतो. गवताला पाय लावत नाही. टोपल्या लांबून दिसतात. तीनवर आता कोरा लाल कपडा बांधलाय. फिरणारे तिला चप्पल काढून वळसा घालतात.
एकटं फिरण्यात दम नाही. पूर्वी ब.शी भांडण्यात दोन मैल कधी झाले कळायचे नाहीत. शुगर वाढली.

१२ ऑगस्ट
नारायणगावात राहून महिना-दोन महिने एक माणूस टाळणं सोपं नाही. आज टोमॅटो मार्केटसमोर तो आणि मी एकाच शेअर जीपमध्ये. मध्ये तिघं. जीप भरेपर्यंत वीस मिनिटं तो डावीकडे बघत होता, मी उजवीकडे. ड्रायव्हर म्हणाला, “आज शेठ आन भाऊ गप कसं?”

२६ ऑगस्ट
संवत्सरी आली, वर्षभराची क्षमा मागायचा दिवस. क्षमेची कार्डं छापून आली, दीडशे. दरवर्षीप्रमाणे ताराबाई पत्ते सांगते, मी लिहितो. व्यापारी, पाव्हणे, मुंबईचे, बीडचे. तिनं मध्येच विचारलं, “बबनचं?”
म्हणालो, तो कुठं आपल्यातला.
“यातल्या कितीजणांशी तू भांडलास वर्षभरात?”
एकाशीही नाही. यातल्या निम्म्यांची तोंडं आठवत नाहीत.
“मग ही नुसती टपालखात्याची सेवा झाली,” म्हणाली आणि पुढचा पत्ता सांगितला.
राग आला. खरं बोलली म्हणून जास्त आला.

२८ ऑगस्ट, संवत्सरी
उपवास. जैन स्थानकात प्रतिक्रमणाची प्रार्थना झाली तसा सरळ ब.कडे. वाटेत तीनदा परत फिरावंसं वाटलं.
जिजी ओसरीवर. तिच्या पाया पडलो, म्हणालो, “जिजी, मिच्छामि दुक्कडम्. माझ्याकडून दुखावली असशील तर माफ कर.” ती म्हणाली, “ते काय मला कळत न्हाई रं कांती. बस. च्या घे.” सून चहा घेऊन आलीसुद्धा.
सूर्य बुडालेला. उपवास. पाणीसुद्धा नाही चालत. मी म्हणालो, जिजी, आज नको.
ब. आतून आला. कपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “आमच्या घरचा च्या बी चालंना आता. माफी मागाया आला आन कप तसाच ठिवला.”
त्याला माहीत आहे! पाचला माझ्याबरोबर जेवलेला माणूस तो. संवत्सरी काय, रात्री पाणीही न पिण्याचा चौविहार काय, सगळं पाठ आहे त्याला. मुद्दाम बोलला. मी म्हणालो, “बबन, तुला माहितीय.” तो म्हणाला, “मला काय म्हाईत कुनाचा उपास.”
माझंच वाक्य. दुकानातलं. शब्द न् शब्द परत दिला.
निघालो. वर्षातला एकच दिवस माफीचा, आणि नेमका त्याच दिवशी मला घोटभर चहा पिता येत नाही. एक दिवस आधी जायचं सुचलं नाही. ताराबाईलाही नाही सुचलं, तेवढंच समाधान.

९ सप्टेंबर
गणपती झाले. तीन नंबर दिसतच नाही, फुलांचा डोंगर. ग्रा.पं.त बोलणं चाललंय म्हणे, सगळ्या टोपल्या निर्माल्याला घ्याव्यात, छान सोय झाली. सहाच्या सहा. माझ्याच नावानं आभारही मानणार आहेत.

१७ सप्टें.
वेल्डरकडून सातवी करून घेतली. मोठी, खोल, झाकणाची, साखळ्या नाहीत. दुकानातलं मोठं पातेलं आत बसवलं. सरपंच म्हणाले उंबराखालीच लावा, बाकीच्या सहा राहू देत. ‘निर्माल्य’ असं स्वतः रंगानं लिहिलं. दिवसभर हाताला रंग.

२४ सप्टें.
सातवी रिकामी. तीन भरलेली. बायका म्हणतात, तिकडची जागृत आहे.
डोकं आपटावंसं वाटतं, पण कुठल्या खांबावर आपटू? त्याचीही पूजा सुरू व्हायची.

२३ ऑक्टोबर
दिवाळी झाली. ब.कडून फराळ आला नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. दरवर्षी जिजी आमच्यासाठी कांदा-लसूण न घालता वेगळा चिवडा करते आणि ब. तो आणताना वाटेत मूठभर खातो. आमच्या हिनं डबा त्यांच्याकडे पाठवायला भरून ठेवला होता. मी म्हणालो राहू दे. रात्री तिनं विचारलं, “कुणी जिंकलं मग?”

५ नोव्हेंबर, रविवार
कार्तिकी पौर्णिमा. चातुर्मास सुटला. ताराबाई उद्या सकाळच्या गाडीनं पुण्याला. म्हणाली, “गवत वाळलंय. जा.” आज दुकानात गर्दी. उद्या.

६ नोव्हें., संध्याकाळ, बाग
बाकावर बसून लिहितोय. आकडे लिहायला रोजनिशी खिशात असते, म्हणून.
एक आणि दोन खेळलो. वाईट. हात विसरलाय. नळावर आलो आणि तीनकडे बघितलं तर लाल कपडा नाही. फुलं नाहीत. वाटलं बघण्यात चूक होतेय. जवळ गेलो. सातवी झाकणापर्यंत भरलेली, तीन स्वच्छ, पाण्यानं धुतलेली. खांबाचं कुंकूसुद्धा पुसलेलं.
आणि टोपलीत लाल ताटली.
बाकावर कुणी नाही. जिजीही नाही. माळ्याला विचारलं, तो म्हणाला दुपारी कोन तरी आलं व्हतं, मी पाइप लावत व्हतो, बघितलं न्हाई.
दोनच गोष्टी असू शकतात. एक, तुझं तुला परत, आता संबंध नाही. त्याच्या स्वभावाला धरून आहे. पण परत करायची तर दुकान होतं, घर होतं. आणि टोपली धुवायची काय गरज?
दुसरी, नळावरून टाकली. एका फेकीत गेली. आणि नियमाप्रमाणे मी पाहीपर्यंत हात न लावता ठेवून गेला. चार महिने सराव केला असेल तर मला कळलं नाही, गवतावर मी नव्हतोच.
खात्री नाही. दोन्हींपैकी काहीही असेल. ब.च तो.
मी पाहिली. हात लावला नाही.
सव्वापाच झालेत. सूर्यास्ताला अजून पाऊण तास. बबनचं घर चालत दहा मिनिटांवर. आज चहा चालतो.