तुझ्या गोष्टीतला भाऊ परत आला नाही

प्रिय मामी,

तुला वाचता येत नव्हतं, तरी पत्र लिहिते आहे. आज घरात एका पुस्तकावरून वाद झाला आणि तुझी फार आठवण आली.

पुस्तक माझ्या नातीचं, इराचं. पाचवीत आहे ती. शाळेच्या लायब्ररीतून तिने आणलेल्या या पुस्तकात एक मुलगी आपल्या भावाला शोधत मेलेल्यांच्या राज्यात जाते. तिथे हाडांचा पूल आहे, सावल्या खाणारी राणी आहे. ते वाचायला लागल्यापासून इरा एकटी झोपेना. सूनबाईने, पल्लवीने, पुस्तक कपाटात ठेवलं.

"आई, बाबांना जाऊन वर्षही झालं नाही. आत्ता हे असलं कशाला? सोमवारी परत करते."

पल्लवीचं काही चुकत नव्हतं. हे गेले तेव्हा इराला आम्ही 'आजोबा देवाघरी गेले' एवढंच सांगितलं होतं. तिला दवाखान्यात नेलंच नाही.

मला कोहमाऱ्याचं तुझं घर आठवलं. गोंदियाच्या कॉन्व्हेंटच्या होस्टेलमधून सुट्टीत यायची मी. आमच्या सिस्टर्स वाचायला देत त्या पुस्तकांत पऱ्या असायच्या, केक असायचे, सहली असायच्या. मला ती आवडायचीही. पण तुझ्या गोष्टीत नवेगावच्या तळ्याखाली एक म्हातारी राहायची, बुडालेल्या पोरांच्या सावल्या दोरीवर वाळत घालणारी. आणि बहीण भावाला आणायला त्या पाण्यात उतरायची. कुठून सुचायचं गं तुला?

दिवसा तू गोष्ट सांगायची नाहीस. दिवसा सांगितली तर मामा वाट चुकतो म्हणतात, आणि आमचा मामा तर ट्रकच चालवायचा. "तो रायपूरले जाऊन राहिला अन् तू मले गोष्ट सांगाले लावतेस? कटकले पोचन तो!"

संध्याकाळची जेवणं झाली की मग तू बसायचीस. तुझी अट एकच, ऐकणाऱ्याने प्रत्येक वाक्याला 'हूं' म्हणायचं. हूं थांबलं की गोष्ट थांबली. तू चिडवायची नाहीस, पुढे रेटायची नाहीस.

"भेव लागून राहिला का वो? बरं, ठेवू. भाऊ तठीच आहे, कोठी जात नाही."

दुसऱ्या दिवशी मीच तुझ्याजवळ येऊन बसायची. किती अंधार झेपतो, ते तू माझ्यावर सोपवलं होतंस. शिकलेल्या माणसांनाही हे सहसा सुचत नाही, मामी.

तू भावाला मात्र कधी परत आणलं नाहीस. मी रडून विनवायची. "मेलेला मानूस येत नाही वो. पन बहीन घरी आली ना? मायनं तिले भात वाढला ना?" एवढं बोलून तू उठायचीस.

तर मी पल्लवीकडे एक दुपार मागितली. इराला जवळ घेतलं, हूं म्हणायला शिकवलं. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो म्हटलं तर म्हणते, "आजी, माझा मामा मोबाइलवर नकाशा लावतो, तो नाही चुकत."

वाचत वाचत हाडांच्या पुलापर्यंत आलो आणि तिचं हूं थांबलं. मी पुस्तक मिटलं. पल्लवी भाजी निवडत दाराशीच बसली होती.

इरा म्हणाली, "आजी, आजोबांजवळ कोणी होतं का? की ते एकटेच गेले?"

त्या राणीने पोरीची झोप उडवलीच नव्हती. हा प्रश्न तिच्याजवळ आधीपासून होता. पुस्तकाने फक्त त्याला जागा दिली.

"मी होते ना. हात धरून बसले होते."

"मग मला का नाही सांगितलं?"

पल्लवीने भाजीचं ताट बाजूला सारलं आणि आमच्याजवळ येऊन बसली. "आई, राहू द्या ते पुस्तक," ती म्हणाली. "मुदत वाढवून आणते."

एक तक्रार तुझ्याबद्दलही आहे. आम्हा पोरांना सगळं खरं सांगणारी तू, पण स्वतःचं दुखणं लपवलंस. मी पोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलेलं होतं. मला कळवलं असतंस तर मीही तुझ्याजवळ बसले असते गं.

उद्या रविवार आहे. इराला आजोबांचे शेवटचे दिवस सांगणार आहे. ऑक्सिजनची नळी, ह्यांचं तिच्याबद्दल विचारत राहणं, सगळं. ती थांब म्हणाली तर थांबेन. तसं म्हणाली नाही तर शेवटापर्यंत सांगेन, मामी. गोड करून सांगणार नाही.

तुझी भाची,
माया