तंबूकोळ्यांची राखण

३ डिसेंबर, सकाळी
आजपासून मी तंबूकोळ्यांचा राखणदार. शेजारच्या सुभानची पोरगी इशरत एम.एस्सी.ला आहे. माझ्या बांधावरच्या फड्या निवडुंगात तिला त्यांची वस्ती सापडली. कोळी शेंगदाण्याएवढा, जाळं ताणलेल्या तंबूसारखं, वर अंड्यांच्या पिशव्यांची माळ. पिल्लं निघाली की प्रोजेक्ट पुरा, नाहीतर वर्ष वाया. परीक्षेला पुण्याला गेली. म्हणाली, आबा, तुमच्यावर सोडून जाते. संकल्प: दोन्ही वेळ फेरी. शिवाय कोळ्यावर कविता.

४ डिसेंबर
फेरी बाजेवरूनच केली. दवातली जाळी लांबूनच छान दिसतात. पहिली ओळ झाली: ‘दवाचे मोती ओवी कोळी’. चौथीत गुरुजी पट्टीनं ताल धरायचे, तसा धरला. डोळे भरून आले. दुसरी ओळ उद्या.

७ डिसेंबर, दुपार
ऊस तुटून गेला, पाचट पडलंय. रविराज फोनवर म्हणतो, जाळू नका, कुजवा. मुलगा चाकणला कंपनीत, तिथून त्याला शेती दिसते! पाचटाच्या धुराशिवाय हिवाळा म्हणजे चाल नसलेली कविता. फक्त एक कोपरा पेटवणार, बांधापासून लांबचा. म्हाळसा म्हणते, वारं हाय, गप बसा. बायकोला कायमच वारं असतं.

तोच दिवस, संध्याकाळ
वारं होतं.

८ डिसेंबर
निवडुंग थोडा होरपळला. थोडा म्हणजे सगळा. जाळं एकही नाही. कोळी चपळ प्राणी, दुसरीकडे गेले असणार. अंड्यांना पाय नसतात, हे जेवताना आठवलं. ताट सारलं.

९ डिसेंबर
भरपाई. गोठ्यातले कोळी काठीवर गुंडाळून निवडुंगावर सोडले. म्हाळसा म्हणाली, जल्मात पहिल्यांदा जळमटं काढली, ती बी पाप झाकायला. दुपारपर्यंत कोळी पसार.

१२ डिसेंबर
इशरत आली. काळ्या निवडुंगापुढं बसून राहिली. वर्ष गेलं, एवढंच म्हणाली. खरं सांगायचं ठरलंच होतं. तोंडातून निघालं, पाचटात कुणीतरी बिडी टाकली असावी. मी ‘कुणीतरी’ म्हणालो होतो. या बांधावरनं बिडी ओढत जाणारा एकटा सुभान, हे तिचा चेहरा बघून ध्यानात आलं.

१४ डिसेंबर
सुभान आला. टोपी हातात. म्हणाला, आबा, त्या दुपारी मी बिडी ओढतच बांधावरनं गेलतो, माझ्याच हातनं झालं आसंल. बिडी सोडली. पोरगी बोलत न्हाई, तुमचं ऐकंल ती.
आता सांगायचंच म्हणून तोंड उघडलं. म्हणालो, असू दे सुभान, माणसाच्या हातून होतं.
त्यानं माझे दोन्ही हात धरले. आतून म्हाळसानं भांडं आपटलं.
बिडी सुटली हे मात्र त्याच्या छातीला चांगलं.

१५ डिसेंबर, संध्याकाळ
इशरतला समजावलं, बापाला माफ कर. केलं. म्हणाली, आबा, तुमच्याएवढं मोठं मन कुणाचं न्हाई.
आत्ताच सुभानकडून शेवयांचा डबा आला. म्हाळसानं माझ्यापुढं ठेवला आणि उठून गेली.
उद्या सकाळी दोघांना खरं सांगणार. नक्की.
आत्ता शेवया गरम आहेत.