नाफ्प्लियोच्या वळणावरच्या डहाळ्या

आदरणीय लहानूभाऊ,

समुद्राकाठून गोंडपिपरीच्या दिशेला हात जोडून वारलूचा रामराम. तुमचा गुडघा कसा आहे? धान निसवलं का? आम्ही उभयता ग्रीसमध्ये पोरीकडे सुखरूप आहोत. उर्वशी हॉटेलात कामाला जाते, आम्ही भात शिजवून समुद्राकडे पाहत बसतो. आपल्या जंगलवाटेवर पाहुण्यांना फिरवणारा वाटाड्या तुमची समिती येत्या रविवारी निवडणार, हे माझ्या ध्यानात आहे. (म्हणून तर उर्वशी या पत्राचा फोटो काढून तुमच्या मोबाईलवर धाडते आहे.) तीस वर्षं वनरक्षक होतो, एकदाही वाट चुकलो नाही, हे तिथे ठासून सांगा.

काल पोरीने आम्हाला नाफ्प्लियो नावाचं जुनं गाव पायी पाहायला धाडलं. डोंगरावर किल्ला, पाण्यात किल्ला, मध्ये पायऱ्यापायऱ्यांच्या गल्ल्या. (चंद्रपूरचा परकोट पाहिलेल्या माणसाला किल्ल्याचं काय कौतुक, पण पाण्यात बांधणाऱ्याची कमाल आहे.) एक बाई छत्री उंच धरून इतिहास सांगत होती. मला त्यातलं अक्षर कळेना, म्हणून मी सवयीने तिच्याही पुढे चालू लागलो. रंभा सवयीने मागे. लग्न झाल्यापासून आम्ही असेच चालतो.

तिला वाट सापडावी म्हणून जंगलात करतो तेच केलं. प्रत्येक वळणावर बोगनवेलीची डहाळी मोडायची, जायच्या दिशेला शेंडा करून दगडाखाली ठेवायची. (एका घरमालकिणीने खिडकीतून जे सुनावलं ते कळलं नाही, भाव कळला.) वरच्या चौकात पोचून मागे पाहतो तर छत्री नाही, बाई नाही, रंभा नाही. तिला शोधायला उतरलो, तर एकाही वळणावर डहाळी नाही! या लोकांना झाडायची भारी खोड, असं चरफडत मी तीनदा एकाच मांजरापाशी आलो. भाऊ, अस्वल समोर आलं तेव्हाही इतका भ्यालो नव्हतो. तिला इथली भाषा येत नाही, आणि आमचा एकुलता फोन माझ्याच खिशात. शेवटी जंगलातली हाळी घातली, कूऽऽ! चार खिडक्या उघडल्या. आणि मी निघालो होतो त्याच चौकातून उत्तर आलं, कूऽऽ!

वर गेलो तर रंभा पायरीवर बसलेली, पदरात माझ्या सगळ्या डहाळ्या. "मांगून येनाऱ्यानं फांदी उचलाची, नाईतर दुसरे लोकं भटकते, हे तुमीच सांगत होते ना? मी तं सरळ आली. तुमी कुठी गेल्ते?" मी उतरताना दुसऱ्याच पायऱ्या धरल्या होत्या. इतकी वर्षं पुढे चाललो, पण मागून कोण उचलत येतं हे मी कधी वळून पाहिलंच नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

आपला,
वारलू

ता. क. मांजराचं गावात कुणाला सांगू नका.

दुसरा ता. क. समितीच्या कागदावर माझं नाव लिहिलं असेल तर खोडा आणि रंभाचं लिहा. पुढे ती चालेल. मागून फांद्या उचलायला मी आहे.