गल्वेवाचं जुनं दार

गल्वेवा, अनुराधापूरजवळ
१२ ऑगस्ट

ती. अक्कास,
मलरचा सा. न. वि. वि.

इथे सारं गाव माझ्यावर रुसलंय. पाणी सोडायचं नवं सिमेंटचं दार बसवायला आम्ही तळ्याचा बांध खणत होतो, तर यंत्र दगडावर अडलं. माती काढली, तो खाली चौकोनी हौद, पाणी सोडायचं जुनं दार! राजांच्या काळातला. दोर धरून उतरले. दगडाला दगड असा बसवलाय की सुरीचं पातं जाईना. अक्का, इंजिनिअर म्हणवते मी, पण तिथे नुसती सांध्यांवरून हात फिरवत राहिले.

तो फुटू नये म्हणून मी काम थांबवलं. पोडी मेनिके म्हणून भात पिकवणारी एक विधवा आहे. तिने भर बैठकीत विचारलं, की पेरणीला पाणी तू घागरीने आणणार का? इथल्या सिंहली शेतकऱ्यांचे पुढारी तेन्नकोन मला ऐकू जाईल असं म्हणाले, की जाफन्याची पोर, विहिरीवर वाढलेली, हिला तळ्यातलं काय कळतंय!

तुझी, घाबरलेली,
मलर

जाफना
२० ऑगस्ट

चि. मलर हिस अनेक आशीर्वाद.

पत्र ऐकून आईने देवळात नारळ फोडला. मी आधी हसले. घरच्या विहिरीत बादल्या बुडवणारी तू, आणि गावाचं पाणी अडवून बसलीस! पण खरं सांगू, जीव थाऱ्यावर नाही. बदली मागून घे. आणि यायचंच नसेल, तर कचेरीतून हुकूम सोडू नकोस. त्या बाईच्या अंगणात जाऊन बस. तिची भीती खोटी नाही. सोबत ताडगूळ पाठवलाय, रिकाम्या हाताने जाऊ नकोस.

वाट पाहणारी,
अक्का

गल्वेवा
२८ नोव्हेंबर

ती. अक्कास सा. न. वि. वि.

गेले मेनिकेकडे. सांगितलं, की नवं दार पावसाआधी होत नाही. जुन्यातला गाळ काढला तर मात्र जमेल. तिने ताडगूळ तोंडात टाकला. सकाळी फावडं घेऊन बांधावर हजर! पुराणवस्तू खात्याने तपासून होकार दिला. मग गाव लोटलं, पलीकडच्या वाडीतले आपले तमिळ लोकही आले. एका विटेवर ओल्या मातीत उमटलेला हाताचा पंजा निघाला. तेन्नकोन म्हणाले, आमच्या आजीचा; आपला एक म्हातारा म्हणाला, कशावरून, आमच्याही आजीचा असेल. मेनिके दोघांवर खेकसली, की हात भाषा बोलत नसतो, गाळ काढा.

काल दार उघडलं. तुडुंब तळ्याचं पाणी गर्जत हौदात शिरलं आणि पलीकडे निघालं ते गाईच्या चालीने, शांत. हजार वर्षांनी, अक्का! तेन्नकोननी डोक्यावर हात जोडले. माझ्या अंगावर काटा आला, तो अजून गेलेला नाही.

मेनिकेने कमळाच्या पानावर दूधभात ठेवून पाण्यात सोडला, हौद बांधणाऱ्यांसाठी. मी विचारलं, कुणाचं नाव घ्यायचं? ती म्हणाली, त्यांनी बांधताना आपली नावं कुठे विचारली होती?

आईला नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.
मलर