कपाटाला कुलूप लागलं नाही

तीर्थस्वरूप आत्याबाईंना,
सूनबाईचा वाकून नमस्कार.

तुमचा खोकला कसा आहे? डॉक्टरांनी महिनाभर कमी बोलायला सांगितल्याचं कळलं. हे त्यांनी तुमच्यासमोर उभं राहून सांगितलं की फोनवरून, हे जाणून घ्यायची इथे सगळ्यांना फार उत्सुकता आहे. इकडे आम्ही सुखरूप. हा शब्द मी या वेळी रीत म्हणून लिहीत नाही. गेल्या काही आठवड्यांत तो लिहिण्याजोगी परिस्थितीच नव्हती. आज आहे, म्हणून सगळ्यात आधी तुम्हाला लिहायला बसले. तुमचा भाचा स्वयंपाकघरात चहा करतो आहे (म्हणजे भांडी आपटतो आहे), आणि मी बऱ्याच दिवसांनी खुर्चीला पाठ टेकून बसले आहे.

आमच्या वाचनालयात वाचक स्वतः कपाटापर्यंत जातो, उभ्याउभ्या चार पानं चाळतो आणि आवडलं तर पुस्तक घेऊन जातो, हे तुम्ही पाहिलंच आहे. पूर्वी असं नव्हतं. कपाटांना कुलपं, मध्ये लाकडी काउंटर आणि त्याच्या पलीकडे आम्ही. हवं ते पुस्तक वाचकाने मोठ्याने मागायचं. आता मोठ्याने मागता येतील अशी पुस्तकं असतात किती, आत्याबाई? नको तिथे झालेल्या आजाराचं, नवऱ्यापासून वेगळं होण्याच्या कायद्याचं, किंवा नुसतं प्रेमाचंसुद्धा पुस्तक मागे रांग उभी असताना कोण मागणार? लोक यायचे, घसा खाकरायचे आणि बागकामाचं पुस्तक घेऊन जायचे. (त्या काळात आमच्याइतकं बागकाम कुणी वाचलं नसेल, आणि बाग एकाच्याही दारात नव्हती.) ती कुलपं काढण्यासाठी मी समितीतल्या एकेकाच्या किती नाकदुऱ्या काढल्या ते तुम्हाला ठाऊक आहे. तीच कुलपं परत लागायची वेळ आली होती. लागली असती तर मी नोकरी सोडणार होते. हे मी घरात बोलले नव्हते. तुमच्या भाच्याला मी चिडचिड करते आहे एवढंच कळत होतं, आणि ते त्याला नेहमीचं वाटत होतं.

सुरुवात झाली चौकातल्या चष्मेवाल्यांपासून. माणूस सज्जन. माझा चष्मा त्यांच्याकडचाच. त्यांची आठवीतली मुलगी मोठ्यांच्या दालनातून एका दोन भागांच्या कादंबरीचा पहिला भाग घेऊन गेली, आणि त्यातलं एक पान वडिलांच्या नजरेला पडलं. पान होतं तसं, मी नाही म्हणत नाही. चष्मेवाले ते पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आले, माझ्या टेबलावर ठेवलं, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले की हे 'तसलं' आहे. तेव्हापासून आमच्याकडे दुसरा शब्दच कुणी वापरला नाही. तसली पुस्तकं कुलपात ठेवा, असा त्यांनी समितीकडे अर्ज दिला, त्याखाली आणखी पुष्कळ पालकांनी सह्या केल्या. समितीच्या बैठकीत अध्यक्षांनी (निवृत्त इंजिनिअर, पूल पुष्कळ बांधलेत, कादंबरी एकही उघडलेली नाही) विचारलं, तसली म्हणजे नेमकी कसली? यावर सगळ्यांनी छताच्या पंख्याकडे पाहिलं.

शेवटी असं ठरलं की प्रत्येक सभासदाने कादंबऱ्यांचा एकेक गठ्ठा घरी न्यायचा, वाचायचा, आणि आक्षेपार्ह पान सापडेल तिथे कागदाची चिठ्ठी खोचायची. चिठ्ठ्या बघून मग कुलूप कुठल्या कपाटांना घालायचं ते ठरवायचं. ज्या समितीने कधी आमचं एक पुस्तक घरी नेलं नव्हतं, ती समिती अशी वाचायला लागली की मला भरून आलं. अध्यक्षांनी मुदत वाढवून मागितली. औषधांच्या दुकानवाल्यांनी पहिला गठ्ठा संपवून, कर्तव्य म्हणून, दुसरा नेला. चिठ्ठ्या मात्र ज्याच्या त्याच्या स्वभावाप्रमाणे पडल्या. वकीलबाईंनी प्रेमप्रकरणांना हातच लावला नव्हता, पण एक मुलगा बापाच्या मृत्युपत्रात खाडाखोड करतो त्या पानावर तीन चिठ्ठ्या होत्या. औषधवाल्यांना, कुठलंही पात्र डॉक्टरांना न विचारता गोळी घेतं, तिथे आक्षेप होता. चिटणिसांनी सून सासूला उलट उत्तर देते ते पान धरलं होतं. (ते मी मुद्दाम वाचलं. उत्तर चांगलं आहे. तुमच्यासमोर वापरणार नाही, काळजी नसावी.) फक्त अध्यक्षांच्या पुस्तकांत चिठ्ठ्या जिथे हव्यात तिथे होत्या, आणि त्या पुस्तकांची पानं तिथे आपोआप उघडत होती.

आता आमची चूक. परत आलेलं पुस्तक टेबलावर मुक्कामाला राहता कामा नये, त्याच दिवशी जागेवर गेलं पाहिजे, हा माझा कडक नियम. काउंटरवरच्या ताईंनी तो इतक्या वर्षांत एकदाही मोडलेला नाही. गठ्ठे परत आले निकालाच्या जाहीर सभेआधीच्या शनिवारी, आणि मी नेमकी दाढदुखीने घरी. ताईंनी एकूण एक पुस्तक चिठ्ठ्यांसकट कपाटात लावून टाकलं. रविवारी मी सुजलेला गाल घेऊन पोचले तर दालनात पाय ठेवायला जागा नाही. जिकडेतिकडे पुस्तकांतून पांढरी टोकं डोकावताहेत, आणि त्यांचा अर्थ कुणालाही समजावून सांगावा लागलेला नाही. एरवी सबंध कपाट धुंडाळून जे सापडत नसे, ते समितीने खुणा करून हाताशी ठेवलं होतं. दुपारपर्यंत चिठ्ठीचं एकही पुस्तक शिल्लक नव्हतं. (ज्यांच्या वाट्याला मृत्युपत्र आलं ते संध्याकाळी फार नाराज होऊन परत आले.)

सोमवारी जाहीर सभा. टेबलावर पुस्तकं हवी होती, तिथे चिटणिसांनी हौसेने आणलेली नवी कोरी कुलपं तेवढी होती. पुरावा घरोघरी गेलेला! अध्यक्ष संतापले आणि मला म्हणाले, कुणी कुणी नेली ती नावं वाचून दाखवा. मागून पालकांनीही तेच धरलं. पण मी उभी राहिले आणि सांगितलं की कोण काय वाचतं हे वाचनालय सांगत नाही. आज नाही आणि कधीच नाही. सांगायला लागलो की सगळे परत बागकामाकडे वळतील. आणि एकदा नावं वाचायची ठरली, तर या महिन्यात गठ्ठे कुणी नेले आणि दुसरे गठ्ठे कुणी मागून नेले, तीही वाचावी लागतील. हे शेवटचं वाक्य मी ठरवलेलं नव्हतं, दाढेच्या ठणक्यात निघून गेलं. औषधवाले ताबडतोब म्हणाले की बाईंचं म्हणणं अगदी योग्य आहे. अध्यक्षांनाही एकाएकी नावांचा विषय अप्रस्तुत वाटू लागला.

मग चष्मेवाले उभे राहिले. नावं राहू देत, पण माझ्या मुलीचं काय, असं त्यांनी विचारलं. प्रश्न खरा होता. तेवढ्यात शेवटच्या रांगेतून त्यांची बायको बोलली, "तिने मला त्या पानाचा अर्थ विचारला. मी सांगितला. ती 'बरं' म्हणाली आणि पुढे वाचायला लागली. झोप यांची उडाली आहे, तिची नाही." सभागृह हसलं. चष्मेवाले हसले नाहीत. चष्मा काढून पुसत राहिले, आणि म्हणाले, "मला विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. म्हणून कुलूप मागत होतो." इतकं खरं बोलणं आमच्या सभागृहात कधी झालं नव्हतं. मला त्या माणसाबद्दल एकदम माया वाटली. मी म्हटलं, तुमच्या मुलीने काय वाचावं ते तुम्ही दोघांनी ठरवा, पण शेजाऱ्यांच्या मुलीचं तुम्हीही ठरवू नका आणि मीही ठरवत नाही. मग भराभर ठरत गेलं. मुलांच्या कार्डावर मुलांच्या दालनातली पुस्तकं मिळतील. मोठ्यांच्या दालनातलं हवं असेल तर आईवडिलांपैकी एकाने एकदा सही करायची. फक्त मोठ्यांसाठीची पुस्तकं आतल्या खोलीत वरच्या फळ्यांवर जातील, पण उघडी. कुलूप कशालाच नाही. चिटणिसांनी कुलपं पिशवीत भरली. मी बाहेर येऊन पायरीवर बसले आणि मनसोक्त रडले. तुमचा भाचा न्यायला आला होता, त्याला वाटलं दाढ.

सगळ्या चिठ्ठ्या आता काढल्या आहेत. मला काल रात्रभर झोप लागली. खोकल्याला जपा, आणि जमल्यास डॉक्टरांनाही.

तुमची,
सूनबाई

ता.क. यापुढे एखाद्या पुस्तकाबद्दल तक्रार आली तर ते अख्खं वाचून निकाल द्यायला एक छोटं मंडळ नेमलं आहे. त्याच्या प्रमुखपदी अशी व्यक्ती हवी होती की जिच्याविषयी ब्र काढायची कुणाची छाती होणार नाही. मी निवृत्त मुख्याध्यापिका म्हणून तुमचं नाव सुचवलं आणि ते एकमताने मंजूर झालं. (औषधवाले तुमचे विद्यार्थी. नाव ऐकताच खुर्चीतून उठून उभे राहिले.) तुमचा होकारही मीच कळवून टाकला आहे. रागावू नका.

ता.क. रागावलाच असाल तर एक आठवण. गेल्या खेपेला तुम्ही जाताना त्याच कादंबरीचा दुसरा भाग माझ्या कार्डावर नेलात, प्रवासात डोळा लागावा म्हणून. तो अजून परत आलेला नाही, त्याअर्थी डोळा लागला नसावा. हे मी समितीला सांगितलेलं नाही, तुमच्या भाच्यालाही नाही. कोण काय वाचतं हे आम्ही सांगत नाही, हे वर लिहिलंच आहे.

ता.क. पुस्तक मात्र लगेच पाठवा. एक वाचक त्यासाठी रोज दुकान बंद करून फेरी मारताहेत. कोण ते सांगणार नाही. पहिला भाग त्यांनी दोनदा वाचला आहे, आणि दुसरा त्यांना मुलीच्या आधी वाचून काढायचा आहे. या वेळी तिने विचारलं, तर उत्तर आपण द्यायचं म्हणतात.