वाळवलेली वेल

सातारा, २५ ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी खेकसलो तवा तुम्ही म्हणालात, रागातलं जे काय असेल ते कागदावर लिहून पाठव. घ्या, लिहितो.

नोकरी लागली. इथली एक छोटी कंपनी चष्म्यातली द्राक्षबाग बनवते. डोळ्यांवर तो डबा बांधला की बसल्या जागी बाग उभी राहते, हातात कात्री येते, छाटणी शिकता येते. माझा पहिला वर्ग पाच सप्टेंबरला. शिकणारे पंधरा जण तुमच्या तासगावच्या हॉलमधून, मी इथून. आत सगळ्यांना एकसारखं बाहुलं, डोक्यावर फक्त नाव. फॉर्म मीच केला: सातबाऱ्यावर असेल तेच नाव भरा. हौशी लोक नकोत.

आणि आत्या, पंधरावं नाव कुणाचं? जयपालकाकांचं! त्यांच्या भाग्यश्रीला मागणी घालायला गेलो तवा चारचौघांत काय म्हणाले, आठवतंय ना? कॉलेज अर्धं सोडलंस, संसारही अर्धाच सोडशील. आठ महिने झाले, ते वाक्य घशाखाली उतरत न्हाई. त्यांची वेल मी आधीच बिघडवून ठेवतोय. कुठंबी कापू देत, सगळ्यांसमोर वाळणार.

जेवण वेळेवर आहे. बेदाण्यांचा डबा संपला. माया मात्र संपू देऊ नका.

तुमचा,
श्रेयस


तासगाव, २९ ऑगस्ट

चि. श्रेयस यास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर अजून कोंबडीनं उकरल्यासारखंच. आपलं पर्युषण पर्व सुरू झालंय, काल उत्तम क्षमेचा दिवस होता आणि आज तुझं हे पत्र हातात. बरा मुहूर्त साधलास!

तू मास्तर झालास म्हणून पेढे आणायला निघाले होते, वाचून परत बसले. अरे, पहिल्या वर्गाची तयारी अशी करतात व्हय? काडी कशी तपासायची, गाठ कशी ओळखायची, यातलं एक अक्षर नाही. सगळा जीव एका माणसाला पाडण्यात. जयपालअण्णांच्या हातात दोन वर्षं कात्री नाही, बोटांना कंप आहे. त्यांच्यावर कसला डाव धरतोस? वेल नीट करून ठेव.

बेदाणे एस.टी.नं पाठवलेत. राग कमी कर, पाणी जास्त पी.

तुझी,
आक्काताई आत्या


सातारा, ६ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

झालं एकदाचं! कंप असेल तर आणखी बरं, असं मी धरून चाललो होतो. पण बाहुल्याचा हात जरासुद्धा हलला नाही. गाठीच्या पुढं एक डोळा, म्हणजे फुटवा येणारा कोंब, राखून स्वच्छ काप. मान्य, बरोबर कापलं. पण वेल वाळवायची होती, वाळली. पानं, काड्या, खोड, सगळं. मी म्हणालो, बघा मंडळी, अर्धवट माणसानं कात्री धरली की असं होतं. बाहुलं हात वर करून उभं राहिलं, तास संपेपर्यंत. त्याचा माइक मी उघडलाच नाही. त्या दिवशी मलाबी कुणी बोलू दिलं नव्हतं.

आता भाग्यश्रीला कळेल, तिचा बाप कुणापुढं गप्प उभा राहिला ते. ती काही बोलली का, एवढं कळवा. लय वाट बघतोय.

रागवा, पण लिहायचं थांबू नका.

श्रेयस


तासगाव, ९ सप्टेंबर

चि. श्रेयस यास आशीर्वाद, या खेपेला मोजकेच.

काल क्षमावणीला, पर्व संपल्यावर एकमेकांना क्षमा करायच्या दिवशी, मंदिरात भाग्यश्री भेटली. व्हय, बोलली.

जयपालअण्णा त्या हॉलमध्ये आलेच नव्हते. दोन वर्षं बाग तीच बघते, कात्री तिच्याच हातात असते. पण सातबारा बापाच्या नावावर, आणि तुझ्या फॉर्मला तेच नाव हवं होतं. म्हणून तिनं ते भरलं. तू शिकवणार हे कळल्यावर बापाशी भांडून आली होती, की कॉलेज सोडून हा काय शिकला ते एकदा बघू द्या.

तास संपेपर्यंत हात वर करून तीच उभी होती, बाळा. काप बरोबर होता हे उरलेल्या चौदा बागायतदारांना कळलं. काय होतंय हेही कळलं.

क्षमावणीला तिनं सगळ्यांना क्षमा केली. तुझी राखून ठेवलीय. पुढच्या वर्गाला ती पुन्हा बापाच्याच नावानं बसणार आहे आणि एकच विचारणार आहे, की बरोबर कापलेली वेल वाळली कशी. शेजारच्या खुर्चीवर जयपालअण्णा असतील.

माइक उघडा ठेव. आणि बेदाणे उत्तर तयार झाल्यावरच खा.

तुझीच,
आक्काताई आत्या