हाडांच्या गोळ्या

आई, आज मी हाडांच्या डॉक्टरांकडे एकटीच जाऊन आले. वहिनीला पोस्टात काम आहे असं सांगितलं होतं.

मोखाड्याच्या आश्रमशाळेत तू स्वयंपाक करायचीस, तिथली एक दुपार अजून डोळ्यांसमोर आहे. मुलांची जेवणं उरकलीत, तू भाताचं पातेलं घासते आहेस आणि मी चुलीपाशी बसून सांगते आहे, की नवरा ज्याने गेला तो एचआयव्ही मलाही आहे, रोज एक गोळी घ्यायची आहे, जन्मभर. तुझा हात थांबला नाही. पातेलं पालथं घालून तू कॅल्शियमची एक रिकामी बाटली धुतलीस, उन्हात वाळवलीस आणि माझ्या गोळ्या तिच्यात ओतल्यास. “कोनी इचारलं तं हाडांच्या गोळ्या, इतकंच सांगायचं. आन् तोंड पाडून बसू नको, नाचनी निवडायला घे.”

तेव्हापासून तेच करत आले. तू गेल्यावर जव्हारला दादाकडे राहायला आले, तरी महिन्याच्या गोळ्या नाशिकहून आणते आणि घरी येण्याआधीच बाटलीत भरते. गेल्या महिन्यात पाटावरून उठताना तोल गेला, हात टेकला आणि मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्याने. या डॉक्टरांकडे तेव्हा वहिनी सोबत होती. डॉक्टरांनी विचारलं, कॅल्शियम वगैरे घेता का? मी तोंड उघडायच्या आत वहिनीच म्हणाली, “ताईंचं नका विचारू डॉक्टर. इतकी वर्षं झाली, एक दिवस चुकवीत नाहीत. मीच म्हणते त्यांना, तुमची हाडं आमच्या सगळ्यांना पुरून उरतील.” डॉक्टर हसले, मग एक्स-रे पुन्हा उजेडाकडे धरून बघत राहिले. “मग हाड असं कसं झालं?” मी प्लास्टरची कड चाचपत राहिले. कॅल्शियम चालू आहे, असं त्यांनी कागदावर लिहिलं. खरं म्हणजे कॅल्शियमची एकही गोळी कधी माझ्या पोटात गेलेली नाही.

गोळ्या देणाऱ्या नाशिकच्या सिस्टरांना हे सांगितलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत, पण खुर्ची जवळ ओढून बसल्या. या आजारात हाडं लवकर विरळ होतात, काही औषधांनीही होतात, म्हणाल्या. “गोळी मनानं बंद करायची नाही. पण त्या डॉक्टरांना सगळं सांगा. उद्या खुबा मोडला तर?” त्या दिवसापासून मी जिना भिंतीला धरून उतरते. न्हाणीत जाताना पावलं मोजते. मी अंथरुणाला खिळले तर माझं सगळं वहिनीलाच करावं लागेल आणि कशामुळे, हेही तिला ठाऊक नसेल.

म्हणून आज गेले आणि सांगितलं. डॉक्टरांनी जुनी ओळ खोडली. हाडांची घनता तपासायला नाशिकची चिठ्ठी दिली. खरं कॅल्शियम लिहून दिलं, ते या गोळीसोबत रिकाम्या पोटी घ्यायचं नाही, असं दोनदा बजावलं. मग पेन खाली ठेवून विचारलं, “इतकी वर्षं लपवायला कोणी सांगितलं होतं?”

मी तुझं नाव घेतलं, आई. आईने सांगितलं होतं, असं म्हटलं आणि त्यांनी पेन पुन्हा उचललं. शेवटच्या आजारपणात तू माझा हात धरून म्हणाली होतीस, “आता वहिनीला सांग, ती चांगली हाय.” मी हो म्हणाले होते. ते मी डॉक्टरांना सांगितलं नाही. वहिनीलाही अजून काहीच सांगितलेलं नाही.